न्यूझीलंडमध्ये कमी खर्चात हरणाची शिकार: हरीण फुकट आहे, बाकीचा खर्च कसा आवरायचा?

मेलबर्नहून एकांनी विचारलं आहे. ते आणि त्यांचा ऑफिसमधला मित्र, दोघांकडे बंदुकीचा परवाना आहे, व्हिक्टोरियाच्या डोंगरात सांबरामागे थोडीफार पायपीटही झाली आहे. तिसरा मित्र पुण्याहून येणार. त्याच्याकडे परवाना नाही आणि जत्रेतले फुगे सोडून त्याने कशावर नेम धरलेला नाही. तिघांना आठवडाभर न्यूझीलंडला येऊन रेड डिअरची शिकार करायची आहे. दोन-तीन गाइडना दर विचारले तर आकडे ऐकून पाय मागे घेतला. "आमच्यासारख्या नोकरदारांना हे जमण्यातलं आहे का? असेल तर पैसा कुठे वाचवायचा?"

जमतं. मी क्राइस्टचर्चला राहतो आणि वर्षानुवर्षं ह्याच डोंगरांत फिरतो. इथे हरणासाठी एक डॉलरसुद्धा मोजावा लागत नाही. पैसे जातात ते शिंगांवर, हेलिकॉप्टरवर, बंदुकीच्या प्रवासावर आणि घाईवर. ह्या चारही गोष्टी तुमच्या हातात आहेत.

तुम्हाला मिळालेले दर बहुतेक कुंपणातल्या शिकारीचे असणार. मोठी खासगी इस्टेट, उंच जाळी, पैदास करून वाढवलेले नर, शिंगांच्या मापाप्रमाणे भाव. सकाळी जीपमधून जायचं, दुपारी फोटो, रात्री लॉजवर वाइन. अमेरिकेतून येणारी मंडळी ह्यासाठी हजारो डॉलर मोजतात. त्यांचे पैसे, त्यांची हौस. मला विचाराल तर त्याला शिकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसरा प्रकार मोकळ्या डोंगरातल्या गाइडचा. तो प्रामाणिक धंदा आहे आणि पहिल्या वेळी एखाद-दोन दिवसांसाठी घ्यायला हरकत नाही. आठवडाभर मात्र तुम्हाला त्याची गरज नाही.

कारण ह्या देशाची जवळपास एक तृतीयांश जमीन सरकारी संवर्धन क्षेत्र आहे. ते सांभाळणारं खातं म्हणजे डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन, सगळे त्याला 'डॉक' म्हणतात. डॉकच्या खुल्या क्षेत्रांत शिकारीचं परमिट ऑनलाइन निघतं आणि ते मोफत आहे. परदेशी माणसालाही मोफत. अमेरिकेसारखं एका हरणाला एक टॅग असलं काही नाही. रेड डिअरला बंद हंगाम नाही, किती मारायची ह्यावर मर्यादा नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जड जातं. माझ्या आईला मी अजूनही हे नीट समजावू शकलेलो नाही.

ह्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पुण्याच्या मित्राच्या घरी काय सांगायचं तेही कळेल. ह्या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिकारीच्या हौसेसाठी बोटीतून आणून सोडली. त्यांना खाणारं इथे कुणी नव्हतं आणि चरणाऱ्याची सवय इथल्या जंगलाला नव्हती. काही दशकांत हरणांनी रोपटी खाऊन जंगलाचा तळ साफ करायला सुरुवात केली. १९३० च्या सुमारास सरकारने पगारी शिकारी नेमले. पुढे हेलिकॉप्टरं आली आणि मांसाची निर्यात सुरू झाली. आज हरीण म्हणजे कायद्याच्या नजरेत आवरायचा प्राणी, आणि शिकाऱ्यांच्या नजरेत जपायची गोष्ट. ह्या दोन नजरांचं भांडण इथे कायम चालू असतं. तुम्ही एक मादी मारलीत तर डॉकवाला खूश होईल एवढं नक्की.

त्या सरकारी शिकाऱ्यांनी तुमच्यासाठी आणखी एक सोय करून ठेवली आहे: झोपड्या. डोंगरात डॉकच्या नऊशेहून जास्त 'हट' आहेत आणि त्यांतल्या कितीतरी मुळात हरीण मारणाऱ्यांसाठी बांधलेल्या. भडक नारिंगी रंगाची, सहा बंकची, एक शेगडी आणि पावसाच्या पाण्याची टाकी असलेली झोपडी नकाशावर दिसली की समजायचं, जवळपास हरीण आहे. अगदी साध्या झोपड्या फुकट असतात. जरा बऱ्या असतील तर रात्रीचे थोडे पैसे पडतात. राहण्याचा खर्च एवढाच.

आता बंदूक. खर्चाचा आणि डोक्याच्या तापाचा सगळ्यात मोठा भाग हाच. तुम्ही दोघं परवानाधारक आहात म्हणून आपापली रायफल आणायची इच्छा होणार. माझं मत, पहिल्या खेपेला आणू नका. आणायची म्हणजे ऑस्ट्रेलियातून बाहेर नेण्याचे आणि परत आत आणण्याचे कागद, इथला आयात परवाना, विमान कंपनीला आधी कळवणं, काही कंपन्यांचं वेगळं शुल्क, कुलूपबंद कडक पेटी, विमानतळावरची तपासणी. गोळ्या वेगळ्या पेटीत, माणशी पाच किलोच्या आत. एवढं करून रायफल पोचली तरी पेटी आदळआपट खाऊन आलेली, म्हणजे दुर्बिणीचा नेम पुन्हा तपासणं आलंच. आणायचीच असेल तर बोल्ट-अ‍ॅक्शन आणा. म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करावा लागतो ती रायफल. मार्च २०१९ च्या क्राइस्टचर्चच्या हल्ल्यानंतर इथे बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफलींवर बंदी आहे.

त्यापेक्षा सोपा रस्ता असा. परदेशी पाहुण्यासाठी इथे 'व्हिजिटर लायसन्स' मिळतं, जास्तीत जास्त वर्षभराचं. तुमच्या व्हिक्टोरियाच्या परवान्याची प्रत जोडून ऑनलाइन अर्ज करायचा. निघायच्या किमान दोन महिने आधी करा. तो हातात असला की इथल्या परवानाधारक मित्राकडून रायफल उसनी घेता येते, काही गाइड आणि दुकानं भाड्यानेही देतात. तिघांत एकच रायफल पुरते, आणि ह्यात काटकसरीपेक्षा शहाणपण जास्त आहे. तीन नवखे, तीन भरलेल्या रायफली आणि दाट जंगल, असा जमाव मला माझ्या दरीत नको आहे. कॅलिबरवरून, म्हणजे गोळीच्या मापावरून वाद घालत बसू नका. .३०८, .२७०, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर, जे मिळेल ते रेड डिअरला पुरेसं आहे. उसनी रायफल मिळाल्यावर मात्र आधी रेंजवर नेऊन पाच-सहा गोळ्या कागदावर झाडा. मालकाने "नेम एकदम बरोबर आहे" असं कितीही सांगितलं तरी.

पुण्याच्या मित्राला परवान्याची गरज नाही. इथल्या कायद्याप्रमाणे विनापरवाना माणूस परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली साधी रायफल चालवू शकतो. थेट देखरेख म्हणजे परवानाधारक हाताच्या अंतरावर, त्याचं सगळं लक्ष ह्याच्याकडे, आणि त्याच्या स्वतःच्या हातात त्या वेळी दुसरी बंदूक नाही. 'मी झोपडीत आहे, तू जा' हे चालणार नाही. ही देखरेख इथल्या कुणा अनुभवी परवानाधारकाने करावी असं मी सुचवीन. म्हणून सांगतो, न्यूझीलंड डिअरस्टॉकर्स असोसिएशन नावाची १९३७ पासूनची शिकाऱ्यांची संघटना आहे, गावोगावी तिच्या शाखा आहेत. शाखेला सरळ ईमेल लिहा: आम्ही कोण, कधी येतोय, काय अनुभव आहे, पेट्रोल आणि जेवण आमच्याकडून. 'मोठी शिंगं हवीत' असं लिहू नका, 'खायला एक मादी मिळाली तरी पुरे' असं लिहा. ह्या एका वाक्याने दारं उघडतात. शिंगंवाल्यांना कुणी आपली दरी दाखवत नाही.

त्याच्या व्हिसाचं वेगळं बघा. भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा लागतो, त्यातच शंभर डॉलरची पर्यटक लेव्ही येते. तुम्ही ऑस्ट्रेलियाचे नागरिक असाल तर तुम्हाला काहीच लागत नाही, पीआर (कायमचे रहिवासी) असाल तर एनझेडईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, तेवढी काढून ठेवा. व्हिसाच्या अर्जात त्याने शिकारीचा बेत लपवू नये. गिर्यारोहण आणि मित्रांबरोबर शिकार असं सरळ लिहावं.

महिना कुठला? बहुतेकांच्या डोक्यात 'रोअर' असतं, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलचा तिसरा आठवडा. नर माजावर येतात, डरकाळ्या फोडतात, एरवी दिसणार नाहीत इतके उघड्यावर येतात. ऐकायला अंगावर काटा येतो हे खरं. पण त्याच दिवसांत सारा देश बंदूक घेऊन डोंगरात असतो. झोपड्या भरलेल्या, चांगल्या दऱ्यांसाठी सोडती, त्यातच ईस्टर आलं की तिकिटं आणि गाड्या महाग. शिवाय गर्दीत गोळी लागण्याचा धोका. पहिल्यांदा येणाऱ्याने रोअर टाळावं.

माझा महिना मे. माज संपलेला असतो, नर खंगून पोट भरायच्या मागे लागलेले असतात, माद्यांची पाडसं मोठी झालेली असतात त्यामुळे मादी मारताना मनाला टोचत नाही. पर्यटक गेलेले, म्हणून गाडीचं भाडं उतरलेलं. नद्या बहुधा कमी. आणि थंडीमुळे मांस टिकतं, माश्या नाहीत. तोटे दोन. दिवस छोटा, संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य गेलेला. आणि उंचावर बर्फ पडायला लागलेलं असतं, म्हणून कड्यांकडे न जाता दरीच्या तळाशी आणि खालच्या उतारांवर राहायचं. ज्यांना मे जमत नाही त्यांनी ऑक्टोबर बघावा. वसंतात नदीकाठच्या गवतावर हरणं उतरतात. पण तेव्हा माद्या गाभण असतात आणि बर्फ वितळून नद्या फुगलेल्या. पोहता न येणाऱ्याला मी ऑक्टोबर सांगणार नाही.

पत्रात थारचंही विचारलं आहे. तो हिमालयातला रानबकऱ्यासारखा प्राणी, १९०४ साली माउंट कुकजवळ सोडला, आता तिकडच्या कड्यांवर राहतो. हिवाळ्यात त्याच्या मागे जायचं म्हणजे बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे काटे) वापरता यायला हवेत. ह्या खेपेला नाही.

जागेबद्दल. मेलबर्नहून क्राइस्टचर्चला थेट विमान आहे, साडेतीन तासांच्या आसपास. क्राइस्टचर्चहून हायवे ७ धरून हॅन्मरचा फाटा मागे टाकला की लुइस पासच्या रस्त्यावर विंडी पॉइंट लागतो, दोन-अडीच तासांवर. तिथे गाडी लावून झुलता पूल ओलांडला की होप नदीची दरी सुरू होते आणि पुढे लेक समनर फॉरेस्ट पार्क. चार-पाच तास चाललं की होप किवी लॉज ही मोठी झोपडी येते. वाट सपाट, 'बीच' नावाच्या झाडांचं जंगल आणि मधे मधे गवताची मैदानं. रेड डिअर आहे. ही काही गुप्त जागा नाही, सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच बेधडक सांगतो. वाटेत कुठे खासगी कुरणाची हद्द लागते ती नकाशावर आधी बघून ठेवा. तिथे परमिट चालत नाही.

मुख्य वाटेवर राहिलात तर हरीण दिसणार नाही. झोपडी हा तळ समजा आणि तिथून एखाद्या बाजूच्या ओढ्यात शिरा. बहुतेक ट्रेकर वाटेपासून दहा मिनिटंही आत जात नाहीत आणि हरणांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ऑकलंडला उतरणारे असाल तर कवेका आणि काइमानवा ही जंगलं बघा, तिथे सिका हरीण आहे. ते जास्त चलाख आणि शीळ घालून आख्खी दरी जागी करतं.

हेलिकॉप्टरने आत सोडणाऱ्या कंपन्या आहेत. सगळ्यांत खर्च वाटला तर तो फार वाटत नाही, पण आठवड्याच्या सहलीत ढग आले आणि हेलिकॉप्टर दोन दिवस आलंच नाही तर परतीचं विमान गेलं. पायी आत जा.

तुमच्या खर्चाची यादी मग उरते ती अशी: विमान, गाडीचं भाडं, पेट्रोल, किराणा, झोपडीचे किरकोळ पैसे, व्हिजिटर लायसन्सची फी, भाड्याचा बीकन (अडचणीत खबर देणारं यंत्र). ह्यात विमान आणि गाडी हेच मोठे आकडे. गाडी साधी घ्या, फोर-व्हील-ड्राइव्ह नको. विंडी पॉइंटला छोटी हॅचबॅकही आरामात पोचते. मात्र करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बऱ्याच कंपन्या खडीच्या रस्त्यावर विमा देत नाहीत. पहिल्या रात्री मोटेलात उतरणार असाल तर रायफल बरोबर आहे हे आधी सांगा, बोल्ट काढून वेगळा ठेवा, गोळ्या वेगळ्या. गाडीत रात्रभर बंदूक ठेवून झोपू नका. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो इथे घ्या.

पैसे वाचवायचे नाहीत अशा दोन जागा आहेत. एक बूट. नवे बूट सहलीच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका, महिनाभर घालून मोडलेले आणा. आणि ते ब्रशने घासून, तळव्यातली माती काढून, स्वच्छ करून आणा. विमानतळावर बूट, तंबू, शिकारीचं सामान, मसाल्याचा डबा, सगळं जाहीर करायचं असतं. जाहीर केलं तर बघून देतात. लपवलं आणि सापडलं तर जागेवर चारशे डॉलर दंड, म्हणजे तुमचं किराणा सामान गेलं. कांदा-लसूण मसाला आणायचाच असेल तर सीलबंद कंपनीचा आणा, आजीच्या हातचा घरी ठेवा.

दुसरी म्हणजे बीकन. पर्सनल लोकेटर बीकन, इथे सगळे पीएलबी म्हणतात. त्या दरीत मोबाइल चालत नाही. पाय मोडला तर हे पिवळं यंत्र दाबल्यावर उपग्रहातून खबर जाते. ते भाड्याने मिळतं आणि भाडं किरकोळ असतं. एक नाही, दोन घ्या, कारण तुमची टोळी दिवसभर एकत्र राहणार नाही. टोपो५० चे नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या आणि कागदावरही एक ठेवा. कुठल्या दरीत, कुठली झोपडी, कधी परत, आणि अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं, एवढं एका माणसाला लिहून द्या. मला दिलंत तरी चालेल.

बंदुकीपेक्षा इथल्या नद्या जास्त धोक्याच्या. पश्चिमेकडे पाऊस लागला की तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतानाही नदी चढते. पाणी गढूळ झालं, तळातले गोटे घरंगळल्याचा आवाज आला की ओलांडायचं नाही, झोपडीत बसायचं. म्हणून परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवाच. हा दिवस क्राइस्टचर्चला नेम तपासण्यात घालवू नका, तो शेवटीच हवा.

आणि बंदुकीबद्दल एकच. इथे माणसाला हरीण समजून गोळी घातल्याच्या घटना घडतात, आणि पुष्कळदा मरणारा आपल्याच टोळीतला असतो. झुडूप हललं, तपकिरी काही दिसलं, डोक्याने बाकीचं हरीण जोडून घेतलं, असं होतं. नियम असा की डोकं, मान, खांदा, सगळं मिळून आख्खा प्राणी दिसेपर्यंत बोट ट्रिगरवर जायचं नाही. दुर्बिणीने बघायचं ते बायनॉक्युलरने, रायफलच्या दुर्बिणीने नाही. टोळीतला एक जण नजरेआड झाला की दुसऱ्याने गोळी झाडायची नाही, तो कुठे आहे हे कळेपर्यंत. अंगावर भडक नारिंगी घाला. हरणाला तो रंग आपल्याला दिसतो तसा दिसत नाही.

शिकारीचं तंत्र तुम्हाला सांबराने थोडं शिकवलं असेलच. दोन गोष्टी वेगळ्या. मे महिन्यात उत्तरेकडे तोंड केलेले उतार बघा. दक्षिण गोलार्धात ऊन तिकडून येतं, थंडीत हरणं तिथे येऊन उभी राहतात. पुण्याचा मित्र दक्षिणेकडे बघत बसेल, त्याला सांगून ठेवा. दुसरी गोष्ट वारा. निवळलेल्या दिवशी सकाळी उन्हाने उतार तापला की हवा वर चढते, संध्याकाळी सावली आली की गार हवा ओढ्यातून खाली वाहते. म्हणून सकाळी उजाडण्याआधी खालून वर जाऊ लागलात तर हवा अजून तुमच्या तोंडावर येत असते, आणि साडेदहानंतर तीच तुमच्या पाठीवर येते. तेव्हा थांबा, खा, झोपा. दुपारनंतर मैदानाच्या काठाशी, झाडाच्या सावलीत बसा आणि बघत राहा. नवखे चालत राहतात कारण बसायचा कंटाळा येतो. लेंड्या बोटाने दाबून बघा: चकचकीत आणि मऊ असल्या तर आजच्या, वरून कोरड्या आणि आत हिरवट असल्या तर कालच्या.

शेवटी हरीण पडलं तर खरं काम तिथून सुरू होतं. पोट न उघडताही मांस काढता येतं, नवख्यांना हीच पद्धत सोपी. हरीण कुशीवर घ्या, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावरून कातडं चिरा आणि खाली पोटाकडे सोलत न्या. कण्याला लागून दोन्ही बाजूंनी लांब पट्टा असतो, पाठीचं मांस. सुरीचं टोक कण्याला घासत ठेवा, पट्टा हातात सुटून येतो. पुढचा पाय सांध्याने जोडलेला नसतो, फक्त स्नायूंनी, त्यामुळे काखेतून सुरी फिरवली की निघतो. मांडीला खुब्याचा गोळा शोधावा लागतो. पाय वर उचलून हलवा, सांधा कुठे फिरतो ते बोटाला कळतं, तिथे टोक घाला. मग उलट्या कुशीवर तेच. शेवटच्या बरगडीमागून हात आत घातला की आतल्या दोन छोट्या पट्ट्या मिळतात, त्या त्याच रात्री खायच्या. कापताना कुठे गाठी किंवा पू दिसला तर ते हरीण सोडून द्या, इथल्या हरणांत क्षयरोग आढळतो.

मांस प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, गरम मांस आत घाम धरतं आणि आंबतं. उशीचे जुने सुती अभ्रे आणा. इथले म्हातारे शिकारी तेच वापरतात. झाडाला, वारा लागेल अशा सावलीत टांगा. बऱ्यापैकी मादीचं हाडं काढून मांस तीस किलोच्या आसपास भरतं, तिघांत वाटलं तर दहा-दहा किलो. म्हणून पहिल्याच दिवशी झोपडीपासून सहा तासांवर हरीण मारू नका, आणि एक मिळाल्यावर दुसऱ्याच्या मागे लागू नका. नेता येईल तेवढंच मारायचं.

हे मांस बोकडासारखं शिजवलंत तर चामडं होईल, त्यात चरबी जवळपास नसतेच. पाठीचा पट्टा तापलेल्या तव्यावर दोन-दोन मिनिटं, आतून गुलाबी असतानाच उतरवा. मांडीचा खिमा. पुढचा पाय आणि मान मंद आचेवर तीन तास, भरपूर वाटण घालून. विकता येत नाही, ते बेकायदा आहे. विमानातून घरी न्यायच्या भानगडीतही पडू नका. उरलेलं इथल्या मित्रांना द्या. आमच्या गणपतीच्या जेवणाला येणारे निम्मे लोक हरणाचं नाव काढलं की नाक मुरडतात, उरलेले दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दारात. शिंगं मिळाली तर ऑस्ट्रेलियात नेण्यासाठी ती मांस-कातडं पूर्ण काढून स्वच्छ करावी लागतात आणि जाहीर करावी लागतात. भारतात नेण्याचा विचार मित्राने मनातून काढून टाकावा. फोटो पुरे.

हरीण मिळेलच का? पहिल्या खेपेला, गाइडशिवाय, चार-पाच दिवसांत तिघांत एक मिळालं तर उत्तम समजा. रिकाम्या हाताने परतणारे पुष्कळ असतात आणि त्यांत इथलेही असतात. ते नको असेल तर सुरुवातीचा एक दिवस मोकळ्या डोंगरातला गाइड घ्या, फक्त मादीसाठी. त्याचे दर शिंगांच्या शिकारीच्या मानाने बरेच कमी असतात, आणि तो दिवस तुमच्या मित्रावरच्या देखरेखीचा प्रश्नही सोडवतो. मग उरलेले दिवस तुम्ही स्वतः होपला जा.

आता कामाला कसं लागायचं ते सांगतो. तारखा ठरवा, पण विमान लगेच बुक करू नका. आधी मित्राचा व्हिसा आणि तुमच्या दोघांचं व्हिजिटर लायसन्स ह्यांचे अर्ज टाका. बंदुकीचे नियम मधे मधे बदलतात, म्हणून अर्ज करताना फायरआर्म्स सेफ्टी अथॉरिटीच्या साइटवरचं त्या दिवशीचं पान वाचा. माझ्यावर विसंबू नका. ते मार्गी लागले की विमान, मग गाडी, आणि निघायच्या पंधरा दिवस आधी डॉकचं परमिट, जो जो रायफल हातात घेणार त्याचं त्याचं वेगळं. परमिट काढताना डॉकचा विषप्रयोगाचा नकाशा नक्की बघा. उंदीर आणि पोसम (झाडांवर राहणारा छोटा प्राणी) मारायला जंगलात '१०८०' नावाचं विष हेलिकॉप्टरने टाकतात. ज्या दरीत ते टाकलेलं आहे तिथलं हरीण ठरलेली मुदत उलटेपर्यंत खायचं नसतं. होपमध्ये त्या महिन्यात असं काही असेल तर मला कळवा, त्याच रस्त्यावर पुढे आणखी दऱ्या आहेत, त्यांतली एक बघू.